धोळीची डावी बाजू

"पप्पा, होळीला आम्ही येतोय," पुनीत सुरतेहून फोनवर म्हणाला, "पण घाटातून काठी गावच्या होळीला जायचं ते माझ्या गाडीतून. आणि या खेपेला तुमच्या धोळीचा निकाल लावूनच मी परत जाणार."

चंपालाल शेठ तेव्हा दुकानात धने तोलत होते. तागडीतले धने तागडीतच राहिले आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहिलं.

"निकाल म्हणजे?"

"म्हणजे भंगारवाल्याला देऊन टाकू. गेल्या होळीला चांदनीनं घाटभर उलट्या काढल्या, विसरलात? वळण आलं की तुमची गाडी आडवी होते. पोरगी म्हणते, दादाजींच्या गाडीत बसण्यापेक्षा मी शाळेत जाते."

दुसरीतल्या पोरीनं आपण होऊन शाळा पत्करली, म्हणजे प्रकरण गंभीरच होतं. शेठनी घसा खाकरला.

"आणि तिला उलटी नाही झाली तर?"

"कशी नाही होणार?"

"नाही झाली तर धोळी खांडबाऱ्यातच राहील. पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही. बोल."

पुनीत झाला तरी व्यापाऱ्याचाच मुलगा. सौदा समोर आल्यावर मागं कसा सरेल? "मंजूर," तो म्हणाला. "पण चांदनीला एक जरी उलटी झाली, तरी गाडी गेली."

धोळी ही पुनीत शाळेत होता तेव्हा घेतलेली पांढरी गाडी. धोळी म्हणजे पांढरी; नाव धनकंवरबाईंनी ठेवलं होतं, शेठच्या बायकोनं. तेव्हापासून तिची डावी सीट बाईंची. संध्याकाळी दुकान बंद व्हायची वेळ झाली की बाई मांडीवर पिशवी घेऊन आधी गाडीत जाऊन बसायच्या, आणि शेठ कुलूप लावायचे. लावलं की ओढून बघायचे. गाडीपर्यंत यायचे, मग मनात शंका यायची, परत जाऊन पुन्हा ओढून बघायचे. बाई काचेतून हात हलवायच्या, "चालो सा, अब चालो!" गाडी सुरू झाली की सूर बदलायचा. घरापर्यंत मग एकच, "धीरे सा, धीरे."

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. शेठ अजून त्याच गाडीतून त्याच वाटेनं घरी जात, पण दुसऱ्यांदा कुलूप ओढायला काही परत जात नसत. गाडीत कोणी वाट बघत नसलं की उशीर करण्यात काय मजा? घरी जायचंच मुळात त्यांना नको वाटे. दिवस मावळायच्या आत एकट्यानं खिचडी खायची, एकट्यानं ताट घासायचं आणि मग टीव्हीवरच्या माणसांचं भांडण ऐकत बसायचं. दिवसभरात आपलं म्हणावं असं धोळीतलं ते घटकाभराचं अंतर तेवढं उरलं होतं. तीच विकायला निघालेल्या मुलाला हे सांगणार कसं? अशा गोष्टी मुलाला सांगायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

म्हणून शेठ तडक भटूच्या गॅरेजवर गेले.

भटू मूळचा धानोऱ्याचा, बोलायचा अहिराणी. रेल्वे फाटकाजवळ त्याचं गॅरेज होतं, आणि धोळीचं पोट त्यानं इतक्यांदा उघडलं होतं की तो तिला अगंतुगंच करायचा. त्यानं बोनेटवर हात ठेवून गाडी डावी-उजवीकडे हलवून पाहिली. ती बराच वेळ हलत राहिली.

"शेठ, गाडी चांगली शे, फक्त कंबर ढिली शे. इले बॅलन्स रॉड टाकी देऊत. सुरतले भेटस. कंपनीना नही, बाहेरना शे, पन जाडा शे."

"काय करस तो रॉड?"

"आते तुमनी तागडी देखा. एक पारडं खाले गयं का दुसरं वर जास. हाऊ रॉड उलटा. एक बाजू खाले दबनी का दुसरीले बी संगे खाले ओढस. मंग वळणवर गाडी आडवी व्हई कशी?"

"म्हणजे खोटी तागडी," शेठ म्हणाले. जन्मभर खऱ्या तागडीनं धंदा केलेल्या माणसाला हे जरा जडच गेलं, पण प्रश्न नातीच्या पोटाचा होता. त्यांनी रॉड मागवायला सांगितला.

रॉड आला तो भटूच्या हातापेक्षा लांब आणि मनगटापेक्षा जाड. सोबत रबरं, पट्ट्या, दोन्ही टोकांना लावायच्या दोन लिंका आणि इंग्रजीतला एक कागद. तो कागद भटूनं हात पुसायला घेतला. सकाळी काम सुरू झालं. शेठ दुकान नोकराच्या हवाली करून गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले. आपल्या गाडीतला चांगला पार्ट काढून दुसऱ्याच्या गाडीत जातो, असं त्यांचं सगळ्या गॅरेजांबद्दल मत होतं, आणि भटूबद्दलही होतं. फक्त ते तोंडानं बोलत नसत. रॉडची भोकं धोळीच्या भोकांशी काही जमेनात. भटूनं पट्टी वाकवली, भोक मोठं केलं, शिव्या दिल्या, चहा प्यायला, परत पट्टी वाकवली. करता करता दिवस कलला.

आणि शेठची सामायिकाची वेळ झाली.

सामायिक म्हणजे जैनांची दोन घडीची बैठक. आसनावर बसायचं, तोंडाला मुहपत्ती लावायची, नवकार मंत्र म्हणायचा. वेळ संपेपर्यंत उठायचं नाही आणि व्यवहाराचं अक्षर बोलायचं नाही. हा नेम खरं तर धनकंवरबाईंचा. शेठ तेव्हा त्या वेळेला पेपर वाचायचे. बाई गेल्यावर त्यांनी तो उचलला. पुण्य किती लागतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्या वेळेला घर इतकं गप्प व्हायचं की काहीतरी करणं भाग होतं. बाईंचं पांढरं कटासन आणि बाईंची वेळ मोजायची वाळूची घडी ते पिशवीतून बरोबर बाळगत.

आता गॅरेजमध्ये बसायचं कुठं? खाली ऑइल, ऑइलात मुंग्या. घरी जावं, तर पार्टांवर लक्ष कोण ठेवणार? त्यातल्या त्यात स्वच्छ जागा एकच होती. शेठनी धोळीच्या ड्रायव्हर सीटवर कटासन अंथरलं. गाडीत सामायिक चालतं असं महाराजसाहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. पण चालत नाही असंही सांगितलं नव्हतं. शेठ स्टेअरिंगमागं मांडी घालून कसेबसे मावले, मुहपत्ती लावली, डॅशबोर्डवर वाळूची घडी उलटी केली आणि डोळे मिटले.

थोड्याच वेळात गाडीखालून भटूचा आवाज आला. "शेठ, सगळं बठनं. आते फक्त लिंकना नट आवळना शेतस. उतरा ना जरासं, गाडी रिकामी जोयजे."

शेठनी नवकार पुढं चालू ठेवला.

"शेठ? उतरतस ना?"

शेठनी ऐकलं होतं. खोटं कशाला बोला, नवकाराकडं त्यांचं अर्धंच लक्ष होतं, उरलेलं गाडीखाली पान्याबरोबर फिरत होतं. पण उठावं तर नेम मोडतो, बोलावं तरी मोडतो. धनकंवरबाईंनी तापातसुद्धा मोडला नव्हता. शेठनी डोळे आणखी घट्ट मिटले.

भटू गाडीखालून सरकत बाहेर आला. काचेतून मुहपत्ती बघितली, घडी बघितली आणि कानाला हात लावला. धर्माच्या कामात बसलेल्या माणसाला हलवायचं पाप कोण घेणार? इकडं काम उजेडातच उरकायचं होतं. भटूनं डोकं लावलं. गाडी शेवटी चालवणार कोण? शेठ. मग शेठसकट आवळली तर बिघडलं कुठं? उलट बरंच की. तरी विचारलेलं बरं म्हणून तो परत खाली जाऊन ओरडला, "शेठ, असंच आवळी देऊ का मंग?"

"नको" म्हणायचा आवेग शेठच्या तोंडाशी आला. तो त्यांनी मोठ्या कष्टानं गिळला, आणि त्या श्वासानं फुगलेलं पोट स्टेअरिंगच्या मधोमध जाऊन टेकलं.

"पोंऽऽ!" हॉर्न वाजला.

"बरं," भटू म्हणाला, आणि शेठच्या वजनानं उजवीकडं कललेली गाडी सरळ होईपर्यंत त्यानं नट आवळले.

संध्याकाळी शेठ गाडी घेऊन निघाले आणि हरखूनच गेले. फाटकाजवळचं वळण धोळीनं असं घेतलं की डॅशबोर्डवरची वाळूची घडीसुद्धा जागची हलली नाही. मुद्दाम त्यांनी बाजाराला दोन चकरा मारल्या. आता ये म्हणावं पुनीतला! कोणाला तरी हे सांगावं असं त्यांना फार वाटलं. मग ते घरी गेले आणि खिचडी खाल्ली.

सकाळी दुकानात जायला ते घराबाहेर आले आणि पायरीवरच थबकले.

धोळी समोर उभी होती, रिकामी, आणि डावीकडं झुकलेली होती. चांगली वीतभर म्हणा. डाव्या सीटवर कोणी अंगापिंडानं भरलेलं माणूस आधीच जाऊन बसलं असावं, तशी.

बाई चांगल्या भरलेल्या अंगाच्या होत्या. त्या आधी जाऊन बसल्या की गाडी अशीच डावीकडं कलायची, आणि लांबून नुसती गाडी बघूनच शेठना कळायचं, की बाई बसल्या आहेत आणि आता बोलणी खावी लागणार. "आलो, आलो," असं त्यांच्या तोंडून निघूनही गेलं. मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं.

ते आत बसले. त्यांच्या वजनानं गाडी उजवीकडून खाली आली आणि सरळ झाली.

वाटेत भिकुबाई उभ्या होत्या. पापडवाल्या भिकुबाई म्हणजे धनकंवरबाईंची जिवाभावाची मैत्रीण. धानोऱ्याच्या बाजाराला जाताना फाट्यापर्यंत त्या शेठच्या गाडीतून जात. पापडांची टोपली मागं ठेवून त्या सवयीनं डाव्या सीटवर बसल्या. बसल्या मात्र, धोळी कण्हली आणि डावीकडं अशी खाली गेली की टायर वरच्या पत्र्याला घासून 'घर्रर्र' असा आवाज झाला. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"ओ माय वं! काय व्हयनं?"

"काही नही. तुम्ही बठनात ना, म्हणून," शेठ सरळ मनानं म्हणाले.

टपरीवर हशा पिकला. भिकुबाईंनी टोपली उचलली.

"मी काय आजच बठनू का तुमनी गाडीमा? मी काय हत्ती शे का? आख्खी गल्ली हासी ऱ्हायनी!"

"तुम्ही बठनात आनि ती झुकनी, त्याले मी काय करू?" शेठनी समजूत घातली, म्हणजे घालायला गेले. भिकुबाई धाडकन दार लावून पायी निघाल्या. खात्री करायला शेठनी समोरून येणाऱ्या चुनीलालला हाक मारून बसवलं. चुनीलालचं शिलाईचं दुकान, आणि तब्येत अशी की त्याला स्वतःचा शर्ट बेतायला उरलेलं कापड पुरायचं. त्याच्यानंही गाडी झुकली, टायर घासलं. चुनीलाल घाबरून उतरला तो थेट पिठाच्या गिरणीत वजन करायला गेला.

शेठनी गाडी भटूकडं आणली. "भटू, हाई काय करी ठेवं तू?"

भटू आडवा होऊन आत डोकावला आणि कपाळावर हात मारत बाहेर आला. "शेठ, तुम्ही आत बठेल व्हतात ना! तुमना वजनवर सेट व्हई गयी. आते तुम्ही एकला बठनात ते सरळ. गाडी रिकामी ऱ्हायनी ते डावीकडे झुकस, आनि डावीकडे आनखी कोनी बठनं ते पार खाले."

"मग मला उतरा म्हणायचं!"

"सांगं ना! वरतून इचारं बी, असंच आवळू का? तुम्ही हॉर्न दिधा."

शेठनी पोट स्टेअरिंगपासून जरा मागं ओढून घेतलं.

"ही गाडी आते फक्त एकला मानूसनी शे," भटू पाना शोधत म्हणाला. "थांबा, सोडी देस. रिकामी करीसन परत आवळस. चहा पेवापर्यंत व्हई जाई."

शेठ उतरून बाजूला उभे राहिले. त्यांचं वजन गेल्याबरोबर धोळी हळूच डावीकडं झुकली. शेठ बघत राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "आज घाई शे. होळीना आधी देखू."

घाई कसली? दुकानात त्या दिवशी माशा मारत बसले होते. पण संध्याकाळी कुलूप लावून वळले तेव्हा धोळी समोर झुकून उभी होती, आणि किती दिवसांनी त्यांना घरी जायची घाई झाली. नट कुठला ढिला आणि कुठला घट्ट हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी दार उघडायच्या आधी त्यांनी धोतराची धूळ झटकली, कारण बाईंना धूळ खपायची नाही.

इकडं गावानं आपल्या परीनं हिशेब लावलाच. रिकामी गाडी डावीकडं झुकते. दुसरं कोणी त्या सीटवर बसलं की कण्हते, घर्रर्र करते. शेठ बसले की गप्प, सरळ. चुनीलालनं गिरणीत वजन केलं तर उलट कमीच भरलं होतं. मग दोष कोणाचा? भिकुबाईंनी बाजारात निकाल देऊन टाकला, "धनकंवरबाई बठेल शे तठे. आपली जागा कोनले देत नही ती. मी चुकनू, तिना मांडीवरच बठनू!" आपण हत्ती नाही हे सिद्ध झाल्यामुळं त्यांचा रागही गेला.

झालं, धोळीत बसायला कोणी येईना. पूर्वी फाट्यापर्यंत कोणी ना कोणी असायचं, पिकाचं, पावसाचं, पोरीच्या लग्नाचं बोलायचं. आता शेठनी गाडी थांबवली की माणसं हात जोडून म्हणत, "नही शेठ, तुम्ही दोन्ही जा." एक-दोघं तर डाव्या काचेला नमस्कार करून पुढं जात. भिकुबाई उभ्या गाडीच्या काचेशी वाकून चक्क गप्पा मारत, "बाई, औंदा उडीद काही चांगला नही. पापड लाल पडी ऱ्हायनात."

शेठ हे दुकानातून ऐकत. गाडीखाली जाऊन नट दाखवला असता तर सगळा उलगडा एका मिनिटात झाला असता. पण बाईंशी बोलणारं आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे, याचं त्यांना इतकं बरं वाटायचं की ते डाळ निवडत गप्प राहत. एकदा तर भिकुबाई गेल्यावर त्यांनी स्वतःच काच पुसली.

होळी आली, आणि तिच्या आदल्या दिवशी पुनीत, त्याची बायको फाल्गुनी आणि चांदनी आले. पुनीतनं गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत गावानं त्याच्या कानावर सगळं घातलं.

"पप्पा, हे काय चाललंय? लोक म्हणतात मम्मी गाडीत बसलीय!"

"लोकांना काय, काहीही बोलतात."

"मग गाडी वाकडी का उभी आहे?"

"नट," शेठ म्हणाले.

चांदनीनं मात्र सगळं नीट ऐकून घेतलं होतं. ती धोळीला वळसा घालून आली. "दादी इथं बसलीय?"

"तसं काही नसतं हं बेटा," फाल्गुनी घाईनं म्हणाली.

"असेल तर मी तिच्या मांडीवर बसते," चांदनी म्हणाली आणि दार उघडून बसलीसुद्धा. टायर पत्र्याला टेकलं. पुनीतनं वाकून ते बघितलं आणि त्याचा पारा चढला. या गाडीतून काठीचा घाट? पोरीला घेऊन? पैज गेली खड्ड्यात, गाडी आत्ताच्या आत्ता सरळ करा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.

बोलणं बरोबरच होतं. पोरीच्या जिवाशी खेळ नाही, हे शेठनाही कळत होतं. ते निमूटपणे गाडी भटूकडं घेऊन गेले, उतरले आणि पाठ करून उभे राहिले. भटूनं रिकाम्या गाडीचे नट सोडून परत आवळले. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. शेठ वळले, तर धोळी तागडीच्या दांडीसारखी सरळ उभी होती. डावी सीट नुसती सीट होती.

"आते देखा!" भटू खुशीत म्हणाला. "कोनी बठो, कोनी उतरो, गाडी हालाव नही."

काठीच्या वाटेवर सगळे धोळीत. शेठ स्टेअरिंगला, चांदनी त्यांच्या डाव्या हाताला, मागं पुनीत आणि फाल्गुनी. चांदनीच्या मांडीवर चार पिशव्या, लिंबू, आलेपाक अशी जय्यत तयारी. घाट लागला तसं शेठनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वळण आलं, धोळी सरळच्या सरळ वळली. दुसरं आलं, तेही गेलं.

"कसं वाटतंय बेटा?" शेठ.

"बरं."

"आता?"

"बरं."

"मळमळतंय का?" पुनीत मागून.

"पप्पा, तुम्ही विचारलं की मळमळतं!"

मग कोणी विचारेना. सगळे नुसते चांदनीकडं बघत होते. पोरगी काचेबाहेर पळसाची झाडं मोजत होती. पुनीतनं तेवढ्यात मोबाइल काढून भंगाराचा भाव शोधायला घेतला. घाटात खाली मान घालून वाचायला बसणं हे कोणत्याच रॉडच्या आवाक्यातलं काम नाही. शेवटच्या वळणांवर मागून एक विचित्र आवाज आला.

"पिशवी!" पुनीत कसाबसा म्हणाला.

चांदनीनं तत्परतेनं चारही पिशव्या मागं दिल्या.

काठीत उतरल्यावर, चेहरा धुऊन आलेला पुनीत म्हणाला, "उलटी झालीच ना शेवटी?"

"अट चांदनीची होती," फाल्गुनी म्हणाली. "तुमचं नाव अटीत नव्हतं." ढोल सुरू झाले होते, मोरपिसांचे टोप घातलेले गडी कमरेची घुंगरं वाजवत चालले होते, आणि त्या गोंगाटात सौदा पुरा झाला. धोळी राहिली. चांदनी शेठच्या खांद्यावर बसून होळी बघत होती. "दादाजी, दिवाळीला परत धोळीतून फिरू," ती वरून ओरडली. शेठना त्या दिवशी एकदाही एकटं वाटलं नाही.

दोन दिवसांनी मुलं सुरतेला गेली. त्यांना फाट्यावर निरोप देऊन शेठ परत आले, दुकानात बसले, संध्याकाळी कुलूप लावलं आणि वळले.

धोळी सरळ उभी होती. कोणी बसलेलं नाही हे लांबूनच कळत होतं.

भिकुबाई टोपली घेऊन चालल्या होत्या. त्यांनी गाडीकडं बघितलं, थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गयी वाटतं बाई. पोऱ्यासंगे सुरतले गयी व्हई." आणि काचेशी न थांबता पुढं गेल्या. शेठनी कुलूप एकदाच ओढलं आणि घरी गेले. त्या दिवशी खिचडी केली, पण खाल्ली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धोळी भटूच्या दारात उभी राहिली.

"आते काय व्हयनं, शेठ?"

"काही नही. ते नट सोड, आनि परत आवळ."

भटूला काही उमगलं नाही, पण तो खाली शिरला. नट सोडले आणि ओरडला, "उतरा शेठ! यंदा मी चुकसू नही!"

"आवळ," आतून आवाज आला.

"शेठ, तुम्ही आत बठेल शेतस!"

"माले माहीत शे."

भटू सरकत बाहेर आला आणि काचेतून बघू लागला. कटासन नव्हतं, मुहपत्ती नव्हती, वाळूची घडी पिशवीत होती. "आते काय सामायिक शे का? अशी दुपारनं?"

"सामायिक असतं ते बोलतू का?"

"गाडी परत डावीकडे झुकी जाई, शेठ. कोनी बठाव नही."

"पोर येई दिवाळीले, तवय सरळ करी देजो. ती गयी का परत असंच."

भटूनं त्यांच्याकडं बघितलं. मग रिकाम्या डाव्या सीटकडं बघितलं आणि पाना उचलला. "बरं. पन मांगेसारखं नंतर माले बोल लावू नका," तो खालून म्हणाला. "आवळू का? पक्कं सांगा."

शेठनी दीर्घ श्वास घेतला आणि पोट पुढं केलं.

"पोंऽऽ!"

संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून ते वळले. धोळी डावीकडं झुकून उभी होती. शेठ झपाझप चालत तिच्यापर्यंत आले, दाराला हात घातला, आणि घातलेला हात काढून घेतला.

"आलो, आलो," ते म्हणाले, "कुलूप तेवढं बघून येतो," आणि परत दुकानाकडं वळले.